डिस्कवाला कन्सोल घ्यावा की बिनडिस्कचा?

चोपड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "पोऱ्याची बारावी झाली. कबूल केल्याप्रमाणे नवा गेम कन्सोल घ्यायचा आहे. घरात सोनीचा जुना प्लेस्टेशन-४ म्हणजे पीएस-४ आहे, त्याच्या वीसेक डिस्क आहेत. दुकानदार म्हणतो डिस्कचा जमाना गेला, बिनडिस्कचा घ्या, दहा हजार वाचतील. पुण्यात नोकरी करणारा पुतण्या म्हणतो, थांबा, पुढच्या पिढीचा येईल. माझी वेगळीच आशा आहे. कपाटात लग्नाच्या, बारशाच्या आणि अहिराणी कॉमेडीच्या व्हीसीडी-डीव्हीडी पडून आहेत. डीव्हीडी प्लेअर बंद पडत आला आहे, तर नव्या कन्सोलवर त्या लागतील का? टीव्ही ४३ इंची फोर-के आहे. फायबरचं नेट ४० एमबीपीएसचं, वारा सुटला की दोन दोन दिवस बंद. लाइटचं तुम्हाला सांगायला नको. काय करावं?"

भाऊ, आधी उत्तर देतो, कारणं मागून. पीएस-५ घ्या आणि डिस्क ड्राइव्हवालाच घ्या. थांबू नका. डीव्हीडी त्यावर लागतील, व्हीसीडी लागणार नाहीत. व्हीसीडींचा रस्ता वेगळा आहे, तो शेवटी सविस्तर सांगितला आहे.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०२४ मध्ये आलेल्या पीएस-५ प्रोमध्ये ड्राइव्ह मुळातच नाही, तो वेगळा घेऊन लावावा लागतो. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचीही बिनडिस्कची आवृत्ती निघाली. कंपन्यांचा कल कुठे आहे ते यावरून दिसतंच. पण कंपनीचा कल आणि चोपड्याचं नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्याकडे वीस डिस्क आधीच घरात आहेत. पीएस-५ वर पीएस-४ चे बहुतेक सगळे गेम चालतात. मात्र डिस्कवर घेतलेला गेम डिस्कनंच चालतो. बिनडिस्कचा कन्सोल घेतलात तर त्या वीस डिस्क शोभेच्या होतील आणि पोरगं त्यातले दोन-चार गेम पुन्हा विकत मागेल. म्हणजे वाचलेले दहा हजार तिथेच गेले. काही पीएस-४ गेमना पीएस-५ ची सुधारित आवृत्ती फुकट किंवा थोड्या पैशांत मिळते. तीही डिस्कवाल्याला ड्राइव्हमध्ये डिस्क असेल तरच मिळते.

पीएस-३, पीएस-२ च्या डिस्क मात्र पीएस-५ वर चालत नाहीत, हे लक्षात असू द्या. कुणी सांगितलं तरी त्या भरवशावर जुना कन्सोल मोडीत काढू नका.

आता डिस्क नेमकं काय काम करते ते पाहू, कारण गैरसमज इथेच होतो. पीएस-५ च्या गेमची डिस्क म्हणजे अल्ट्रा एचडी ब्लू-रे, जास्तीत जास्त १०० जीबीची. गेम डिस्कवरून चालत नाही. तो आधी आतल्या एसएसडीवर (साठवणीच्या वेगवान चिपवर) उतरतो आणि तिथून चालतो. कारण वेगाचं आहे. आतली एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, आणि ड्राइव्ह पूर्ण वेगात असला तरी सेकंदाला ४५ एमबीच्या आसपास. त्यामुळे भरलेली १०० जीबीची डिस्क उतरायला पाऊण-एक तास लागतो. त्यानंतर डिस्क फक्त किल्लीचं काम करते: गेम सुरू करताना ड्राइव्हमध्ये हवी, बाकी सगळं एसएसडीवरून. म्हणून "डिस्क घेतली की एसएसडीतली जागा वाचते" हे चूक आहे. जागा तेवढीच लागते.

डिस्क घेऊनही डाउनलोड टळतंच असं नाही. काही गेम दोन डिस्कमध्ये येतात, एक माहितीची आणि एक खेळायची. हे चांगलं, सगळं हातात मिळतं. पण काहींच्या डिस्कवर जवळजवळ काहीच नसतं. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस-५ डिस्कवर शंभर एमबीसुद्धा नव्हते, बाकी सगळा गेम नेटवरून. खरेदीआधी डबीची मागची आणि पुढची बाजू वाचा. इंटरनेट आवश्यक आहे, एवढे जीबी डाउनलोड लागेल, अशी बारीक अक्षरातली ओळ असते. एकट्यानं खेळायच्या गोष्टीच्या गेममध्ये बहुतेक वेळा डिस्कवर पूर्ण गेम असतो. ऑनलाइन मारामारीच्या गेममध्ये तो धरून चालू नका.

नेट बंद असताना नवी डिस्क आली तर खुशाल घाला. डिस्कवर जी आवृत्ती आहे ती उतरेल आणि खेळता येईल. नंतर नेट आलं की दुरुस्त्या आपोआप येतील. नेट चालू असेल आणि गेम उतरण्याआधीच मोठा अपडेट ओढायला लागला, तर सेटिंगमधून नेट तोडा, डिस्कवरचं उतरू द्या, मग नेट जोडा. पोराला रात्रभर ताटकळत बसावं लागत नाही.

हिशेब असा. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसवर उतरायला साडेपाच तास, तेही वेग एकसारखा राहिला तर. १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. नेट तुटलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलात तर रोजच्या २ जीबीच्या प्लॅनमध्ये पन्नास दिवस. बिनडिस्कच्या कन्सोलवर एसएसडी भरली की जुना गेम काढून टाकावा लागतो, आणि परत हवा असेल तर हीच रामकथा पुन्हा. डिस्कवाल्याला पाऊण तास. पहिल्या पीएस-५ मध्ये ८२५ जीबीची एसएसडी होती आणि वापरायला ६६७ जीबी मिळत. आताच्या पातळ (स्लिम) आवृत्तीत १ टीबी आहे, वापरायला ८४२ जीबी. म्हणजे मोठे सात-आठ गेम. ही काढाकाढी होणारच.

पैशाची दुसरी बाजू पुनर्विक्रीची. पीएस-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा ३९,९९० होता. किमती पुढे वाढल्या, आजची दुकानात विचारा, पण आपल्याला फरकाशी मतलब आहे. नव्या मोठ्या गेमची किंमत पाच हजारांच्या आसपास जाते. खेळून झालेली डिस्क अर्ध्या किमतीला जरी गेली तरी चार गेममध्ये ड्राइव्हचे दहा हजार वसूल. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी किंवा मित्रमंडळींत अदलाबदल केली तर त्याआधीच. डाउनलोड केलेला गेम मात्र विकता येत नाही, देता येत नाही. फुटबॉलसारख्या दरवर्षी नव्या येणाऱ्या गेमची डिस्क विकायची असेल तर ऑगस्टआधी विका. सप्टेंबरात नवीन आवृत्ती आली की जुनीला कुणी हात लावत नाही. डबीत कागदावर छापलेला कोड असेल तर तो एकदाच चालतो, जुनी डिस्क घेणाऱ्याला मिळत नाही. विकताना तसं सांगा, घेताना विचारा.

बाहेरदेशची डिस्क स्वस्त दिसली तर? पीएस-५ च्या गेमला प्रदेशाचं कुलूप नाही, चालेल. पण त्या गेमसाठी भारतीय खात्यातून घेतलेला जादा भाग त्या डिस्कला जुळेलच असं नाही, कारण जादा भागाचा प्रदेश डिस्कच्या प्रदेशाशी जुळावा लागतो. नुसता गेम खेळायचा असेल तर हरकत नाही.

दुकानदार असंही म्हणेल की आत्ता बिनडिस्कचा घ्या, ड्राइव्ह मागाहून लावा. पातळ आवृत्तीत हे खरंच शक्य आहे, ड्राइव्ह खटकन बसतो. दोन अडचणी आहेत. एक, तो ड्राइव्ह पहिल्यांदा लावताना कन्सोलची आणि त्याची जोडणी नेटवरून नोंदवावी लागते, नेटशिवाय तो चालू होत नाही. दुसऱ्या कन्सोलला लावलात तर पुन्हा नोंदणी. दोन, सुटा ड्राइव्ह दुकानात मिळायला हवा. त्याच्या हातात ड्राइव्हचा खोका दिसत नसेल तर "मागाहून" या शब्दावर व्यवहार करू नका.

हे सगळं ऐकूनही बिनडिस्कचा घेणं कुणाला योग्य? ज्याच्याकडे जुनी एकही डिस्क नाही, पोरगं फक्त फुकटचे ऑनलाइन गेम खेळतं आणि नेट पक्कं आहे, त्याला. त्यानं ड्राइव्हला पैसे घालू नयेत. त्यानं एक सेटिंग मात्र विसरू नये: "कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले" आपल्या कन्सोलवर चालू आहे ना ते पाहावं. ते बंद असेल तर नेट गेल्यावर विकत घेतलेले गेमही कुलूपबंद होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशनचं नेटवर्कच जगभर जवळजवळ एक दिवस बंद होतं, तेव्हा हा फरक पुष्कळांना कळला. तुमचं पोरगं अधूनमधून डाउनलोडचे गेम घेईल, म्हणून तुमच्याकडेही हे तपासा.

एक्सबॉक्सबद्दल विचारलं नाहीत, तरी दोन ओळी. डिस्कवाल्या सिरीज एक्समध्ये तोच फोर-के ब्लू-रे ड्राइव्ह आहे आणि जुन्या एक्सबॉक्सच्या बऱ्याच डिस्क चालतात. सिरीज एसमध्ये ड्राइव्ह नाही आणि पहिल्या मॉडेलमध्ये वापरायला जागा जेमतेम ३६४ जीबी. घरात पीएस-४ च्या डिस्क असताना तिकडे वळण्यात अर्थ नाही.

पुतण्याचं "थांबा" हे म्हणणं. असं थांबणं एके काळी शहाणपणाचं होतं. २००६ मध्ये पीएस-३ आत ब्लू-रे घेऊन आला आणि एक्सबॉक्स ३६० ला एचडी-डीव्हीडीचा वेगळा ड्राइव्ह जोडायला मिळू लागला. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, एकमेकींच्या यंत्रात चालत नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं एचडी-डीव्हीडी बंद केली आणि ज्यांनी त्या डिस्क जमवल्या होत्या ते अडकले. तेव्हा थांबलेल्याचा फायदा झाला. आज तशी लढाई नाही. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांची डिस्क एकच जातीची आहे. निंटेंडो आपलं कार्ट्रिज वापरतं, त्याचा इथे प्रश्न नाही. आता प्रश्न डिस्क असेल की नसेल एवढाच आहे, आणि थांबून तो तुमच्या बाजूनं सुटण्याची शक्यता वाढत नाही. उलट आज ड्राइव्ह मिळतोय तोवर घ्यावा.

सिनेमांचं. पीएस-५ वर डीव्हीडी, साधी ब्लू-रे आणि फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे चालते. थ्री-डी ब्लू-रे चालत नाही. गाण्यांची ऑडिओ सीडी चालत नाही. पीएस-४ वर चालणारी नेटवर्कवरून घरच्या कॉम्प्युटरमधले व्हिडिओ दाखवायची सोयही यात नाही. उजेड-अंधाराचा फरक खुलवणाऱ्या एचडीआर चित्राच्या दोन जातींपैकी डॉल्बी व्हिजन नाही, डिस्कवरचा एचडीआर-१० दिसतो. खरं सांगायचं तर फोर-के डिस्कसाठी ड्राइव्ह घेऊ नका. त्या डिस्क महाग, आपल्या बाजारात मोजक्या, आणि ४३ इंची साध्या टीव्हीचा उजेड एचडीआर खुलायला पुरत नाही. चित्राचा दर्जा मात्र नक्कीच वरचा असतो. फोर-के डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबिटच्या वरही माहिती येऊ शकते, ओटीटीवर फोर-के साधारण १५ मेगाबिटमध्ये बसवलेलं असतं. पुढेमागे मोठा टीव्ही घेतलात तर कामी येईल.

प्रदेशाचं कुलूप गेमला नसलं तरी डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रेला असतं. भारत डीव्हीडीसाठी प्रदेश ५, ब्लू-रेसाठी प्रदेश सी. फोर-के ब्लू-रेला कुलूप नाही. भाचा अमेरिकेतून कन्सोल आणतो म्हणाला तर हे आठवा: गेम चालतील, पण त्यावर प्रदेश ५ ची डीव्हीडी लागणार नाही. प्रदेशाचं बंधन नसलेल्या, किंवा फोटो स्टुडिओनं रायटरवर लिहून (बर्न करून) दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडीला ही अडचण येत नाही.

लग्नाच्या डीव्हीडीची अडचण निराळी. स्टुडिओवाल्यानं डिस्क "फायनलाइझ" केली नसेल, म्हणजे लिहून झाल्यावर कायमची बंद केली नसेल, तर ती त्याच्याच रेकॉर्डरवर दिसते, पीएस-५ वर "न ओळखलेली डिस्क" येते. आणि डीव्हीडीवर नुसत्या एमपी-४ फाइली टाकून दिल्या असतील तर तीही चालणार नाही, कन्सोलला डीव्हीडी-व्हिडिओच्या रीतीनं लिहिलेलीच डिस्क लागते. दोन्हींवर उपाय तोच, कॉम्प्युटरवर उघडून कॉपी.

आता खानदेशी उन्हाळा, कारण यंत्र मरतं ते इथे. पीएस-५ साठी कंपनीनं ठरवलेलं खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. मे महिन्यात चोपडा, भुसावळ, जळगाव पट्ट्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो आणि पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळी सात वाजताही चाळीस असतं. अशा वेळी पंखा किंचाळायला लागतो, मग गरम झाल्याची सूचना येते, मग कन्सोल बंद. ती सूचना आली की बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. दुपारी बारा ते पाच न खेळणं हाच साधा उपाय. कन्सोल टीव्हीच्या लाकडी कप्प्यात कोंबू नका, चारी बाजूंनी किमान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा, खाली सतरंजी-गालिचा नको. कूलर खोलीत असेल तर त्याच्या झोतात कन्सोल ठेवायचा नाही. थंड वारा लागतो म्हणून मुलं मुद्दाम तिथे ठेवतात. त्या वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात, आपलं पाणी खारं, वाळलं की पांढरा थर पंख्यावर आणि डिस्कच्या भिंगावर बसतो. झोत माणसांवर असू द्या, कन्सोल बाजूला.

धुळीसाठी पीएस-५ च्या बाजूच्या झाकणांखाली धूळ साठायच्या छोट्या जागा केलेल्या आहेत. कन्सोल बंद करून, प्लग काढून, झाकण सरकवून व्हॅक्यूम क्लीनरनं ती दर दोन-तीन महिन्यांनी ओढून घ्या. जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी कापसाच्या दिवसांत महिन्याला, कारण रुईचे तंतू पंख्याला गुंडाळतात. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा शिंतोडा जातो.

लाइटचं. कन्सोल खेळताना साधारण २०० वॅट घेतो, ४३ इंची टीव्ही ८० ते १०० वॅट. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का पाहा आणि मागचं बटण "यूपीएस" वर ठेवा. त्याशिवाय लाइट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात कन्सोल बंद पडतो. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कन्सोल लावू नका. इन्व्हर्टर नसेल तर १ केव्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देतो, गेम सेव्ह करून व्यवस्थित बंद करायला तेवढं पुरे. ६०० व्हीएचा दोन्ही मिळून ३०० वॅटवर अगदी काठावर येतो, घेऊ नका. रात्री "रेस्ट मोड" ची (कन्सोल अर्धवट झोपेत ठेवण्याची) सवय लावू नका, पूर्ण बंद करा. रेस्ट मोडमध्ये लाइट गेली तरी कन्सोलच्या दृष्टीनं ते अचानक बंद पडणंच असतं, आणि बाहेरून लावलेली यूएसबी हार्ड डिस्क त्यात खराब होऊ शकते. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की नुसतं बटण नको: कन्सोलचा प्लग, नेटची वायर आणि टीव्हीची छत्रीकडून येणारी केबल, तिन्ही काढा. वीज बऱ्याचदा केबलमधून टीव्हीत आणि तिथून एचडीएमआयच्या खाचेत येते.

जागा कमी पडली तर वाढवायला पीएस-५ मध्ये एम.२ ची खाच आहे. चौथ्या पिढीची पीसीआय-ई एसएसडी, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावलेली. हीटसिंकसकट जाडी ११.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर झाकण बसत नाही. आपल्या हवेत हीटसिंकशिवाय लावण्याचा विचारही नको. तुमच्या पीएस-४ ला बाहेरची हार्ड डिस्क असेल तर ती तशीच पीएस-५ ला लावा, पीएस-४ चे गेम त्यावरून चालतात. पीएस-५ चे गेम तिथे नुसते ठेवता येतात, खेळायला आत आणावे लागतात.

डिस्क हाताळण्याबद्दल एकच गोष्ट लोकांना माहीत नसते. सीडीत माहितीचा थर वर, छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून सीडीला वरचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत तो मधोमध. ब्लू-रेत खालून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, त्यावर कडक लेप. म्हणूनच "डिस्क घासून नवी करून देतो" म्हणणाऱ्याकडे डीव्हीडी चालेल, गेमची डिस्क देऊ नका. घासता घासता लेप जातो आणि मागून माहितीही. पुसायची तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. आणि डिस्क आत असताना कन्सोल उचलून हलवू नका, फिरती डिस्क आत घासून गोल रेघ पडते.

जुना कन्सोल स्वस्तात मिळतोय असं कुणी म्हटलं तर ड्राइव्ह तीन डिस्क घालून तपासा: एक डीव्हीडी, एक साधी ब्लू-रे किंवा पीएस-४ चा गेम, एक पीएस-५ चा गेम. डीव्हीडी लाल लेझरनं वाचतात, ब्लू-रे निळ्या-जांभळ्या लेझरनं. डीव्हीडी चालली म्हणजे ड्राइव्ह ठीक, असं होत नाही. पहिल्या जाड पीएस-५ मध्ये ड्राइव्हचा बोर्ड त्याच कन्सोलशी बांधलेला असतो, दुसऱ्याचा ड्राइव्ह आणून बसवला तर गेमची डिस्क ओळखत नाही. "ड्राइव्ह बदलून देऊ" हे आश्वासन तिथे कामाचं नाही.

नवा आणल्यावर पीएस-४ लगेच विकू नका. त्यातले सेव्ह (गेम कुठवर खेळून झाला त्याची नोंद) पेनड्राइव्हवर कॉपी करा (सेटिंगमध्ये सेव्ह डेटाच्या व्यवस्थेत यूएसबीवर कॉपीचा पर्याय आहे), मग पीएस-५ वर आणा. पीएस-५ च्या गेमचे सेव्ह मात्र असे सुटे पेनड्राइव्हवर निघत नाहीत, ते नेटवर ठेवायला सोनीच्या पीएस प्लसची वर्गणी लागते.

आता व्हीसीडी. पीएस-५ चा ड्राइव्ह सीडीच वाचत नाही, त्यामुळे व्हीसीडी त्याला दिसतच नाही. कन्सोल येण्याची वाट न पाहता हे काम आजच सुरू करा, कारण रायटरवर बर्न केलेल्या सीडीचा रंगाचा थर उन्हानं आणि वर्षांनी उतरतो. मागची बाजू ठिपकेदार किंवा कडेनं फिकट दिसते त्या डिस्क आधी घ्या. छापील अहिराणी कॉमेडीच्या व्हीसीडी कारखान्यात दाबून केलेल्या असतील तर त्या जास्त टिकतात, त्या शेवटी.

लागेल काय: कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, यूएसबीचा डीव्हीडी रायटर, आणि व्हीएलसी व हँडब्रेक हे दोन फुकटचे प्रोग्रॅम. व्हीसीडी घातली की त्यात एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल, आत .डीएटी फाइली. एका तासाची साधारण सहा-सातशे एमबी. त्या फाइली हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. कॉपी अर्ध्यात अडकली तर डिस्क पुसा, दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहा. जुन्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह कधी कधी नव्यापेक्षा बरा वाचतो. तरी अडकली तर आयसोबस्टर नावाच्या प्रोग्रॅमनं खराब भाग वगळून बाकीची फाइल निघते. व्हीसीडीत चूक दुरुस्तीची जादा माहिती कमी असते, त्यामुळे तेवढ्या जागी चित्र फाटलेलं दिसेल, पण पुढचं लग्न मिळेल. डीव्हीडीचं आख्खं व्हिडिओ-टीएस फोल्डर कॉपी करायचं. त्यातल्या फाइली १ जीबीच्या तुकड्यांत असतात, एकेक वेगळी बदलू नका.

मग हँडब्रेकमध्ये फाइल (डीव्हीडी असेल तर फोल्डर) उघडा. .डीएटी उघडत नसेल तर नावाचं शेपूट .एमपीजी करा. प्रकार एमपी-४, व्हिडिओ एच.२६४, दर्जा आरएफ २०. डीव्हीडीसाठी डी-इंटरलेस चालू ठेवा, नाहीतर नाचणाऱ्यांच्या हातांना फणीसारख्या रेघा येतात. आकार वाढवायच्या भानगडीत पडू नका. व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, ते फोर-के करून नवं काही दिसत नाही, फाइल तेवढी फुगते.

तयार फाइली पेनड्राइव्हवर टाका, पेनड्राइव्ह एक्सफॅट प्रकारानं फॉरमॅट केलेली. फॅट-३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि एनटीएफएस पीएस-५ वाचत नाही. कन्सोलवर मीडिया गॅलरीत त्या दिसतील. तुमच्या टीव्हीच्या यूएसबीतही बहुधा थेट लागतील, तसं झालं तर यासाठी कन्सोल लावायचीही गरज नाही. एक सावधगिरी: ज्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर लग्न आहे ती पीएस-५ ला लावल्यावर "यूएसबी एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉरमॅट करा" या पर्यायाला पोरानं होकार दिला तर सगळं पुसलं जातं. गेमची हार्ड डिस्क वेगळी, घरची वेगळी, आणि घरचीवर कागद चिकटवून ठेवा.

मूळ .डीएटी फाइली टाकून देऊ नका, एमपी-४ बरोबर त्याही ठेवा. सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर करून पुण्याला पुतण्याकडे द्या. पंधरा-वीस डिस्क असतील तर रोज दोन या हिशेबानं आठ-दहा दिवसांचं काम आहे, आणि बारावी झालेलं पोरगं ते तुमच्यापेक्षा लवकर करील.